रफू केलेला कोट

फोटोकाकांच्या स्टुडिओत एक काळा कोट होता, आणि गेली बावीस वर्षं तो अख्ख्या वस्तीचा कोट होता. नोकरीचा अर्ज असो, ओळखपत्र असो की स्थळाकडे पाठवायचा फोटो, माणूस आला की काका आधी त्याला कोट चढवत. जाड्यांसाठी पाठीची शिवण उसवून ठेवली होती आणि काटकुळ्यांसाठी मागून चिमटे लावायची सोय होती. समोरून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी साहेब आहे. मागून बघितलं तर हसू आवरू नये. पण ओळखपत्राला पाठ कुठे असते?

कोटाच्या कॉलरवर डाव्या बाजूला एक रफू होता. फार वर्षांपूर्वी स्टुडिओचा तापलेला दिवा टेकून तिथं भोक पडलं होतं. तेव्हा काकू होत्या. घरात काळा दोरा सापडेना म्हणून त्यांनी ते तपकिरी दोऱ्यानं बुजवलं. काका फोटोतल्या चेहऱ्यांवरचे डाग पुसत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत, एखाद्याची तर पाच-सात वर्षंसुद्धा पुसून देत. रफू मात्र त्यांनी कधीच पुसला नाही. गिऱ्हाईक स्वतःचं तोंड बघतं, कोट कोण बघतंय, असं त्यांचं म्हणणं.

मग बाजारात स्फोट झाला आणि अकरा माणसं गेली. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी संशयिताचा फोटो टीव्हीवर दिला. कुठल्याशा ओळखपत्रावरचा, काळ्या कोटातला. चेहरा काकांना अजिबात आठवला नाही. कोट मात्र त्यांनी तत्काळ ओळखला, आणि हातातला चहा हातातच राहिला.

संध्याकाळी त्याच फोटोवर चार जाणकारांची चर्चा झाली. एकानं कॉलरवरच्या तपकिरी ठिपक्याभोवती लाल वर्तुळ काढलं. "ही साधी गोष्ट नाही. ही त्यांच्या टोळीची खूण आहे." उचलली जीभ, लावली टाळ्याला! दुसऱ्यानं सरकार झोपलं होतं का म्हणून विचारलं, तिसरा जरा सबुरीनं घ्या म्हणाला तर चौथ्यानं त्याला बोलूच दिलं नाही. जाहिराती लागेपर्यंत काकूंचा रफू टोळीची खूण होऊन बसला होता.

आता वस्तीतल्या लोकांनी आधी आपापल्या घरातले फोटो बघायला हवे होते की नाही? नाही. माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो. आणि सगळ्यांना दिसला तो फिल्टरवाला. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायला तो दारोदार जायचा आणि लोकांना विश्वास वाटावा म्हणून गळ्यात ओळखपत्र घालायचा. त्यावर तोच कोट, तोच ठिपका. "अरे, हा तर सगळ्यांच्या स्वयंपाकघरात शिरतो!" कोणीतरी त्याचा फोटो सगळ्यांच्या फोनवर पाठवला. रविवारी सकाळी तो एका बाईच्या ओट्यापाशी फिल्टर उघडून बसला असताना, स्फोटानंतर वस्तीनं नेमलेल्या सुरक्षा समितीची माणसं वर आली. त्यांनी त्याचा उजवा हात मोडला आणि मग पोलिसांना बोलावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते याला. आणि चोर तर अजून सापडलेलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको स्टुडिओत आली. काऊंटरवर तिनं ते ओळखपत्र ठेवलं. दोरी तुटलेली होती.

"काका, हा फोटो तुम्हीच काढलाय ना? मी तिथं बाकावर बसले होते. तुम्ही यांना म्हणालात, पोट आत घ्या. आणि मला हसू आलं."

"काढलाय की. मीच काढलाय."

"वकील म्हणतात, कोट कुणाचा ते कळलं तर निम्मी केस तिथंच पडते. पुढच्या सोमवारी जामिनाचा अर्ज आहे. तुम्ही फक्त खरं ते सांगा."

"सांगतो, पोरी. त्यात काय एवढं?" काका म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

त्यांची मुलगी बँकेत होती. जेवताना तिला हे कळलं तसा तिनं घास खाली ठेवला. "बाबा, हात दाखवून अवलक्षण कशाला करताय?"

"अगं, खरं बोलायला कसली आलीय भीती?"

"बोलायची भीती नाही हो, बाबा. ऐकणाऱ्यांची आहे."

गुरुवारी शाळेच्या सभागृहात समितीची जाहीर सभा होती. अध्यक्ष म्हणजे कुलपं आणि कॅमेरे विकणारे दुकानदार; स्फोटापासून त्यांना जेवायला फुरसत नव्हती. रात्री फाटक किती वाजता बंद करायचं, भाडेकरूंची माहिती कोणी ठेवायची, अनोळखी माणसाला थांबवायचा हक्क कुणाला, यावर दोन तास वाद चालला. फिल्टरवाल्याचं नाव निघालं तेव्हा टाळ्या झाल्या. काका उठले, पिशवीतून कोट काढला, अंगात घातला आणि सभेकडे पाठ केली.

उसवलेली शिवण आणि लोंबणारे चिमटे बघून मागं कोणीतरी खरंच हसलं. काकांना धीर आला.

"बघा, हा तो कोट. आणि हा ठिपका म्हणजे आमच्या हिनं घातलेला रफू. बावीस वर्षं सगळे हाच घालतायत. चार हजार फोटो आहेत माझ्या कॉम्प्युटरवर. अध्यक्षसाहेब, तुमच्या निवडणुकीच्या पत्रकावरचा फोटो आठवा. तुमच्याही अंगात हाच होता."

हसणं थांबलं. अध्यक्ष मात्र मुरलेला माणूस.

"म्हणजे तो खुनी तुमच्याकडे आला होता. तुम्ही त्याला कोट घातलात, सजवलंत, फोटो काढलात. आणि इतके दिवस पोलिसांना बोलला नाहीत."

"अहो, मला तोंडं लक्षात राहत नाहीत..."

"कोट बरा राहतो लक्षात!"

पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. बाजारात त्यांचा मुलगा गेला होता. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "माझा मुलगा गेला हो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला शिवणकाम दाखवताय."

काकांनी तरी एकदा प्रयत्न केला. "ज्यांनी ज्यांनी हा कोट घातलाय त्यांनी हात वर करा. एक गरीब माणूस सुटेल."

समोर किमान शंभर जण असे होते की ज्यांच्या पाठीला काकांनी स्वतःच्या हातानं चिमटे लावले होते. एकही हात वर झाला नाही. शाळेच्या मुख्याध्यापकबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या, आणि सभा संपेपर्यंत त्यांना ते सापडलं नाही.

शुक्रवारी स्टुडिओत मात्र रीघ लागली. "काका, तुमचं म्हणणं खरंय हं. पण आमचा तेवढा फोटो काढून टाका कॉम्प्युटरवरून." असे सतरा जण आले. प्रत्येक जण आत येताना मागं वळून बघत होता. काका प्रत्येकाला म्हणाले, मग तसं लिहून द्या की वकिलांना. प्रत्येकाला अचानक काहीतरी काम आठवलं. दुपारी पोलीस आले आणि कॉम्प्युटरच उचलून घेऊन गेले.

शनिवारी काकांना ठाण्यात बोलावलं. इन्स्पेक्टर वयानं लहान होता, बोलायला गोड. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"काका, तुम्ही म्हणता चार हजार लोकांनी हा कोट घातला. लिहून घेतो मी. पण मग त्या प्रत्येकाला बोलवावं लागेल. संशयिताच्या आधी कोण आलं, नंतर कोण आलं, कोण कुणाला ओळखतं. माझाही नाइलाज आहे. सुरुवात कुठून करू?" त्यानं कॉम्प्युटरचा पडदा काकांकडे वळवला. "ही कोण?"

काळ्या कोटात त्यांची मुलगी होती. बँकेच्या अर्जासाठी काढलेला फोटो. काकांनी तिच्या कपाळावरचा लहानपणीचा व्रण पुसला होता आणि कोट ठेवला होता तसाच.

"मुलगी का? बँकेत आहे म्हणे. बँकेला पत्र गेलं की ते लोक विचारत बसत नाहीत हो, घरीच बसवतात." त्यानं एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. "नाहीतर हे आहे. दोनच ओळी आहेत."

काकांनी चष्मा लावून वाचलं. फोटोतला कोट माझ्या स्टुडिओतलाच आहे असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. सभेत मी भावनेच्या भरात बोललो.

त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांना फिल्टरवाल्याचा राग आला, उगीचच. गळ्यात ओळखपत्र अडकवून कशाला हिंडायचं माणसानं? मग स्वतःची किळस आली. मग त्यांनी सही केली. इन्स्पेक्टरनं चहा संपवायचा आग्रह केला आणि त्यांनी तोही संपवला.

घरी बापाचं तोंड बघूनच मुलीला कळलं असणार. तिनं ताट वाढलं आणि टीव्ही बंद करून ठेवला.

रविवारी सकाळी फिल्टरवाल्याची बायको पुन्हा आली. या खेपेला ती बसली, पदरानं घाम पुसला, आणि आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी होती.

"सभेत तुम्ही एकटे उभे राहिलात म्हणे. काल पाच मिनिटं भेटू दिलं, तेव्हा मी यांना सांगितलं. रडले हो. म्हणाले, काका आहेत म्हणजे मी सुटलोच." तिनं तारखेचा कागद काऊंटरवर ठेवला. "उद्या अकराला कोर्टात. तुम्ही याल ना?"

"येईन की," काका म्हणाले.

सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती इतक्या विश्वासानं बघत होती की काकांनी काऊंटरवरचा कॅमेरा उचलला आणि नसलेली धूळ पुसायला घेतली.

"हात कसा आहे त्याचा?"

"उजवाच मोडलाय ना. पण हे कसले ऐकतात? म्हणाले, बाहेर आलो की पहिला फिल्टर काकांचा. साफ करून देईन, एक पैसा घेणार नाही."

काका कॅमेरा पुसत राहिले. "घाई नाही म्हणावं," ते म्हणाले.