अल् घुब्रातलं लाल पाणी

शुक्रवारी सकाळी दहा वाजता शांताराम मयेकरांच्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत बसायलाच काय, उभं राहायलाही जागा नव्हती. सुट्टीचा दिवस साधून आखातातल्या त्या अल् घुब्रा वस्तीतली सगळी मराठी मंडळी लोटली होती. त्यात इंजिनिअर होते, बँकेतले होते, शाळेतल्या शिक्षिका होत्या. मधोमध पाटावर ठाण्याहून आलेले वज्रनाथ महाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे पाण्याने भरलेली तांब्याची परात होती.

"सायन्सची हद्द जिथं संपते, तिथं आमचं काम सुरू होतं!" महाराज गरजले. "या इमारतीत पाच लेकरं आजारी आहेत. कुणाच्या तरी मनात काळं आहे. हे त्रिकालाग्नी तीर्थ खोटं बोलत नाही. पापी हात आत गेला की पाप रक्त होऊन वर येतं!"

एकेक जण पुढे होत होता. महाराजांची शिष्या गुलाबपाण्याच्या फडक्याने हात पुसून द्यायची, मग हात परातीत बुडायचे आणि जसेच्या तसे बाहेर यायचे. त्याच इमारतीतल्या विशाखाचेही आले. आपली सुटका झाली म्हणून तिला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तिची सहा वर्षांची तन्वी त्या पाच लेकरांपैकीच एक होती.

"आता सैपाकघरातल्या बाईला बोलवा," महाराज म्हणाले.

जयवंती पदराला हात पुसत आली. गुहागरकडची विधवा बाई, मयेकरांच्या व्हिसावर आलेली. त्यांच्याच परवानगीने ती इमारतीतल्या चार घरांची मुलं सांभाळायची. तिने परातीत हात घातले आणि बोटांभोवती लालभडक धारा सुटल्या. तळवे रक्तात बुडवल्यासारखे दिसू लागले.

कुणीतरी किंचाळलं. मयेकरवहिनींनी मुलीला पोटाशी धरलं. "मी म्हटलं होतं! तापात हिच्या स्वप्नात सारखी जयवंतीच येते!"

"माझ्याही बाळाच्या तोंडी रात्रभर तिचंच नाव," दुसरी म्हणाली.

जयवंती हात पुढे धरून तशीच उभी राहिली. "मी काय केलंय वो? पोरांना मीच तर सांभाळलंय!" तिने एकेकाकडे पाहिलं. तिची नजर विशाखापाशी येऊन थांबली, आणि विशाखाने मान खाली घातली.

त्या नजरेने विशाखाचा पुढचे दोन दिवस पिच्छा सोडला नाही. ती बाहेरून एम.ए. करत होती आणि एप्रिलमध्ये मुंबईला पेपर होते. टेबलावर प्रश्न उघडा पडला होता: 'प्युरिटन श्रद्धांचा अमेरिकन समाजावर व साहित्यावर झालेला प्रभाव विशद करा.' उत्तराचे मुद्दे तिने कधीच काढून ठेवले होते. ही प्युरिटन माणसं, म्हणजे इंग्लंडातून अमेरिकेत गेलेले कर्मठ ख्रिस्ती, अडाणी नव्हती. समुद्र ओलांडून परमुलखात आली आणि दहा वर्षांच्या आत त्यांनी कॉलेज काढलं. प्रत्येकाला धर्मग्रंथ वाचता यावा म्हणून पोरांना अक्षरओळख सक्तीची केली. पण देवाने आपल्याला स्वर्गासाठी निवडलंय की नाही, हे कुणालाच खात्रीने कळत नव्हतं, म्हणून ते खुणा शोधत. पीक चांगलं आलं तर कृपा, पोर आजारी पडलं तर सैतान. आणि सैतान नेहमी शेजारच्या घरात सापडायचा.

१६९२ साली त्यांच्याच सेलम गावात मुली फिट आल्यासारख्या तडफडू लागल्या. अमकी माझ्या स्वप्नात येऊन मला चिमटे काढते, असं त्या सांगत, आणि न्यायाधीश तो पुरावा म्हणून लिहून घेत. पहिल्या पकडलेल्या तिघींत एक भीक मागणारी होती आणि एक गुलाम. चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जण फासावर गेले. पुढे दीडशे वर्षांनी त्या न्यायाधीशांपैकी एकाच्या वंशजाने शरमेपायी कथा लिहिल्या आणि त्यातून अमेरिकन साहित्याची एक अख्खी वाट निघाली. हे सगळं विशाखाने सुवाच्य अक्षरात, लाल शाईने अधोरेखित करून लिहिलं होतं. शुक्रवारी त्या खोलीत यातली एकही ओळ तिच्या तोंडून फुटली नव्हती.

रविवारी दुपारी ती तन्वीचा शाळेचा पांढरा शर्ट धूत होती. खिशावर आमटीचा पिवळा डाग होता. तिने त्यावर साबणाची वडी घासली आणि डाग लाल झाला.

विशाखा बघतच राहिली. हे तर तिने हजारदा पाहिलं होतं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, उन्हात उडतो. तिच्या आईला ते ठाऊक होतं, आजीला ठाऊक होतं, त्या दिवशी खोलीत जमलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं!

तिने कपाटातून खायच्या पानांचा डबा काढला, पातेलंभर पाण्यात चुना कालवला आणि तो खाली बसू दिला. वरचं पाणी परातीतल्या तीर्थासारखंच नितळ दिसत होतं. तळहाताला हळद चोळून हात पाण्यात घातला. रक्त! आणि मग आठवलं, शुक्रवारी शिष्येने तिच्यादेखत जयवंतीला एकच काम दिलं होतं, "महाप्रसादाची ओली हळद वाटा, आणि हात धुऊ नका, ती शुद्धी आहे." बाकी सगळ्यांचे हात मात्र फडक्याने पुसून घेतले होते.

तिने नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावला. "जितेश, मयेकर जयवंतीला परत पाठवतायत, तिला थांबवायला पाहिजे!"

"कशी थांबवणार?" तो अल् खुवैरहून हळू आवाजात म्हणाला. "मयेकरांनी व्हिसा कॅन्सल केला. दोनची फ्लाइट होती, ते स्वतः सोडून आले."

घड्याळात सव्वातीन वाजले होते.

पुढच्या शुक्रवारी विशाखा चुन्याच्या निवळीचं पातेलं घेऊन मयेकरांकडे गेली. जमेल तेवढ्यांना तिने बोलावलं होतं. मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर अंबरीनही आल्या. महाराज एव्हाना सोहार शहरात पुढच्या परातीपाशी पोचले होते.

"मयेकरसाहेब, हाताला ही हळद लावा. आता या पाण्यात घाला."

मयेकरांचे हात लाल झाले.

"म्हणजे चेटूक तुम्हीच केलंत तर?" विशाखाने विचारलं. कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

"पण ती गेल्यावर पोरं बरी झालीच ना?" मयेकरवहिनी हट्टाने म्हणाल्या.

"वहिनी, त्या शुक्रवारच्या आधीपासून मी सांगत होते, गच्चीवरची पाण्याची टाकी उघडा," डॉक्टर अंबरीन म्हणाल्या. "वॉचमनने शनिवारी उघडली. आत मेलेलं कबूतर होतं. टाकी धुतली शनिवारी, बाई गेली रविवारी. आणि तापात मुलांच्या स्वप्नात कोण येणार? उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवते तीच ना?"

मयेकर हात पुसत राहिले. डाग जाईना. "झालं ते झालं. व्हिसा गेला, खलास. आता उकरून काय मिळणार?"

"एक पत्र लिहू," विशाखा म्हणाली. "आपण चुकलो, असं. सगळ्यांच्या सह्या घेऊन तिच्या गावी पाठवू."

कुणाला मुलाची ट्यूशन आठवली, कुणाला गाडी हलवायची होती. पत्रावर तीन सह्या झाल्या: विशाखा, डॉक्टर अंबरीन आणि जितेश.

पत्र पोचायच्या आधीच विशाखाने गुहागरजवळच्या त्या गावातल्या एका दुकानात फोन लावला. जयवंतीला बोलवायला अर्धा तास गेला. तिच्याआधी बातमी गावात पोचली होती. शेजारणी आपली पोरं आत घेत होत्या, भावाने तिला पडवीत वेगळी चूल मांडून दिली होती.

विशाखाने घाईघाईने सगळं सांगितलं, हळद, चुना, टाकी, पत्र.

"हां," जयवंती म्हणाली. "ताई, तुमी तर शिकलेल्या. मंग तवा का नाय बोललात?"

पत्र गेलं, गावात कुणीतरी ते वाचूनही दाखवलं, आणि पडवीतली चूल पडवीतच राहिली.

वाचकहो, ही युक्ती दोन पैशांच्या चुन्याची आहे. घरी करून पाहा, मुलांना दाखवा. परात पुढे आली की पाण्यात काय आहे ते विचारा, हात पुसणाऱ्या फडक्याकडे बघा, आणि ज्या माणसाच्या पाठीशी कुणी नाही त्याच्यावरच बोट का रोखलं जातंय, हेही विचारा. सेलमच्या एका न्यायाधीशाने पाच वर्षांनी चर्चमध्ये उभं राहून भर सभेत आपला गुन्हा कबूल केला. त्याचा मोठेपणा मान्य आहे. पण फासावर गेलेल्यांपैकी एकही जण ते ऐकायला उरला नव्हता. तेव्हा जे विचारायचं ते तिथल्या तिथे, माणूस समोर उभा असताना विचारा.