उकिडव्यांची फळी

मी विकत घेतलेल्या पुस्तकांच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, उकिडवे नावाचं कुटुंब राहतं. दुकानात हे मला कोणीही सांगितलं नाही. माझा संताप त्याचा आहे.

कपाट मी डोळे मिटून घेतलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, सतत बदल्या झाल्या आणि माझी पुस्तकं जन्मभर खोक्यांत राहिली. निवृत्त होऊन नाशकात घर घेतलं तेव्हा एकच ठरवलं होतं, की आता ती काचेमागे, माझ्या डोळ्यांसमोर ताठ उभी राहतील. त्यासाठी मी जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. सागवान खरं की नुसतं पॉलिश, हे दार उचलून वजनावरून ओळखलं. कुठल्या भोकातून ताजा भुसा पडत नाही ना, ते पाहिलं. पाठीला मागाहून प्लायवूड मारलंय का, म्हणून कपाटामागे शिरून फळ्या वाजवल्या. दुकानदार अब्बासभाई हे सगळं शांतपणे बघत होते.

घरी आल्यावर दुसऱ्या फळीवर पहिलं पुस्तक ठेवलं. ते आतून कोणीतरी परत माझ्या हातात दिलं.

"ताई, इथे नको," आतून एक बाई म्हणाल्या. "इथे आमचं देवघर आहे."

बाहेरून फळी जेमतेम दीड वीत खोल होती. आतून ती लांबच लांब जात होती आणि पार टोकाला एक गृहस्थ झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. मी दुकानात फोन लावला.

"तुम्ही जुनं हवं म्हणालात," अब्बासभाई म्हणाले. "रिकामं हवं असं कुठे म्हणालात?"

"कपाट रिकामंच असतं!"

"नवं असतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

या लोकांशी एक शब्द बोलायचा नाही आणि ते जाईपर्यंत बाकीच्या फळ्यांवरही पुस्तकं लावायची नाहीत, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काच सरकली आणि उकिडवेबाईंनी अळूवड्यांची वाटी पुढे केली. आता अळूवडीला नाही कसं म्हणायचं? वड्या चांगल्या होत्या, याचाही मला राग आहे. वाटी रिकामी परत द्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी ती घासूनपुसून तिच्यात चिमूटभर साखर घातली.

दुपारी चहा करायला गेले तर साखरेचा डबाच नव्हता. तो उकिडव्यांच्या ओट्यावर होता. काचेतून मला त्याच्यावरचं माझं अक्षरसुद्धा वाचता येत होतं.

"तो माझा डबा आहे!"

"तुम्हीच तर दिलीत साखर," उकिडवेबाई म्हणाल्या. त्यांना काही चुकलंय असं वाटतच नव्हतं.

त्यांच्याकडे असंच आहे. थोडं गेलं की उरलेलं मागून जातं. मूठभर तांदळामागून कोठी गेली. तुळशीच्या चार पानांमागून गॅलरीतली कुंडी गेली. एकदा मी शहाणपणा करून नुसतं पाणी घातलं, तर नळ कोरडे पडले. त्यांच्याकडून येणाऱ्या वाटीचा डबा झाला, डब्याचं पातेलं झालं. जेवढं जाईल तेवढी त्यांची फळी लांबत होती आणि माझा हॉल आखूड होत होता. मी खुर्चीत बसले की गुडघे भिंतीला टेकायला लागले. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, तर ते म्हणाले, शेजाऱ्यांशी जरा जमवून घ्या.

शेवटी घरात देण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी पातेल्यात एक पातळसं पुस्तक ठेवलं. "वाचून परत करा," असं बजावलं. वर्गात बजावायचे तस्संच.

सकाळी सगळी खोकी गेलेली होती. माझी पुस्तकं काचेमागे, डोळ्यांसमोर, विषयवार ताठ उभी होती. मी मनात लावली होती तशी, फक्त उकिडव्यांच्या घरात. मला रागाने रडू फुटलं. रांगेच्या मधोमध एक मोकळी जागा होती.

"ती जागा कशाला सोडलीत?" मी विचारलं.

"असू दे. लागते," उकिडवेबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुरणपोळ्यांनी भरलेली पितळी परात माझ्या हातात दिली.

मी एकही पोळी खाल्ली नाही, सगळ्या खालच्या मजल्यावर वाटून आले. आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं, की हे भांडं रिकामं परत द्यायचं. त्यांना कळू दे. पण खरकटं देणाऱ्यातली मी नाही. चिंचेच्या डब्याच्या तळाशी एक गोळा तेवढा राहिला होता, तो आणि खालून मागून आणलेलं पाणी घेऊन बसले आणि हात दुखेपर्यंत परात घासली. मग काचेवर जोरात टकटक केली.

"घ्या," मी म्हणाले. "रिकामी आहे. मुद्दाम रिकामी आहे."

उकिडवेबाईंनी वाकून आत बघितलं. मीही बघितलं. परात लख्ख निघाली होती आणि तिच्यात माझा चेहरा होता, रागाने फुललेल्या नाकपुड्यांसकट.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "रिकामी कुठे आहे?"

मी परात सोडली नव्हती. पण त्यांनी तिला दोन्ही हात लावले होते. पलीकडे उकिडव्यांनी पेपरची घडी केली आणि पुस्तकांमधल्या मोकळ्या जागेवर फडकं मारायला ते उठले.