एका वल्ह्याचं

बेकरीवाल्याने खिडकीचा पडदा ओढला, खोलीतला दिवा घालवला आणि हातातली बॅटरी काचेच्या भांड्याला टेकवली.

"आता बघा, साडूभाऊ."

गोल तळाच्या त्या मोठ्या भांड्यात आधी नुसतं पाणी दिसत होतं. मग चहूकडून केसासारखे बारीक जीव उजेडाकडे सरकू लागले. शोभेच्या कोळंबीची पिल्लं होती ती. अंग काचेसारखं आरपार, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, आणि बाहेर पसरलेले दोन लांब पाय, टोकाशी वल्ह्यासारखे चपटे. ती वल्ही हलवत पिल्लं बॅटरीपुढे दाटीने जमली.

चष्मेवाल्यांनी खिशातून भिंग काढलं. दुकानात नव्या काचेवर ओरखडा आहे का ते बघायचं हे भिंग. आताही ते ओरखडाच शोधत होते. पिल्लू उपाशी राहिलं, दमलं किंवा काचेवर आपटलं की आधी त्याचं वल्हं गळतं. एवढ्या घोळक्यात एखादं तरी लुळं असायला हवं होतं. नव्हतं.

"काय मग? पास की नापास?"

"ठीक आहेत. पाणी जरा गढूळ वाटतंय."

"गढूळ? भिंग पुसा हो तुमचं!"

दारात उभी असलेली मेहुणी हसली. "काहीतरीच काय बोलता? भाऊजी गुरू आहेत तुमचे."

"गुरू तर आहेतच. मी गिऱ्हाइकांनासुद्धा सांगतो, आमच्या साडूभाऊंनी जोडी दिली, म्हणून हा संसार उभा राहिला."

हे खरं होतं, आणि तेच चष्मेवाल्यांना सोसत नव्हतं. बेकरीवाला एकदा चष्मा दुरुस्त करायला दुकानात आला, दुकानाला जोडलेल्या घराच्या मागच्या खोलीतली टाकी बघून खुळावला आणि जाताना लाल पाठीवर पांढरी रेघ असलेल्या दोन कोळंब्या घेऊन गेला. चष्मेवाले समुद्री मीठ तोलून पाण्यात घालायचे. हा मैद्यात घातल्यासारखा मुठीने टाकायचा. खोलीखालीच भट्टी असल्यामुळे त्याचं पाणी सदा कोमट राही. आणि त्याची पिल्लं जगत होती.

चष्मेवाल्यांकडे आजवर एकही पिल्लू बसलं नव्हतं. पिल्लं कित्येक आठवडे पाण्यात अधांतरी तरंगतात. मग एक दिवस वल्ही गळून पडतात, पिल्लू तळाला उतरतं आणि पायांवर उभं राहतं. कोळंबी पाळणारे त्यालाच बसणं म्हणतात. बसलं की ते जगलं. चष्मेवाल्यांचे केस पिकले, पण ते बसलेलं पिल्लू त्यांनी पुस्तकातल्या चित्रातच पाहिलं होतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "बघून आलात?"

"हं."

"आहेत?"

"आहेत."

"सगळी?"

चष्मेवाले हात धुवायला गेले.

"म्हणजे आज तुम्हाला जेवण जाणार नाही," ती ताट वाढता वाढता म्हणाली. "सोडून द्या. लहानपणापासून हे असंच आहे. माझ्या बाहुलीचे केस गळायचे आणि धाकटीच्या बाहुलीचे वाढायचे."

"बाहुलीचे केस वाढत नाहीत."

"तिच्या वाढायचे."

जेवण खरंच गेलं नाही. ते मागच्या खोलीत जाऊन आपल्या बरणीपुढे बसले. या खेपेच्या पिल्लांपैकी एकच उरलं होतं, आणि त्यालाही वल्हं एकच. बायको त्याला "तुमचा डास" म्हणायची. ते एका अंगाने वल्हवत गोल गोल फिरे, थांबे, पुन्हा फिरे. बाकीची धडधाकट मेली, मग हेच का उरलं, हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांपुढे आला तो बेकरीवाल्याचा घोळका.

पुढच्या आठवड्यात बेकरीवाला दुकानात शिरला तो धापा टाकत. परगावी त्याची लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. नवराबायकोला लगेच निघायचं होतं.

"भट्टी बघायला माणसं आहेत हो. पण वरचं ते भांडं कुणाच्या हाती देऊ? तुमच्याशिवाय आहे कोण?"

"माझ्या हाताला यश नाही, ठाऊक आहे ना?"

"उगाच काहीतरी! तुम्ही नुसते खोलीत उभे राहिलात तरी पुरे."

त्याने किल्ली काउंटरवरच्या चष्म्यांमध्ये ठेवली. ती घ्यायची नाही, हा चष्मेवाल्यांच्या मनातला पहिला विचार. दुसरा त्यांनी पुरा होऊ दिला नाही. त्यांनी किल्ली उचलली.

ते रोज दोनदा जाऊ लागले. खालचे कामगार "गुरुजी आले" म्हणून वाट द्यायचे, आणि तो शब्द दर खेपेस खड्यासारखा रुते. वर खोलीत ते आर्टेमिया या बारीक खाद्यजीवांची अंडी खाऱ्या पाण्यात भिजत घालत, त्यातून फुटलेले धुळीएवढे केशरी जीव पिल्लांना देत, नळीने तळचा गाळ ओढून काढत. मग भिंग लावून बसत. पिल्लं वाढत होती. एकही मरत नव्हतं. आपण एवढी काळजी का घेतोय, असा प्रश्न त्यांना पडे, आणि उत्तर सापडण्याआधी ते उठून दुसरं काहीतरी पुसायला घेत.

एका दुपारी ते नळाच्या पाण्याने भरलेला मोठा पेला हातात धरून भांड्यापाशी उभे राहिले. गोडं पाणी. एवढं ओतलं असतं तर संध्याकाळपर्यंत भांडं शांत झालं असतं. कुणी विचारलंही नसतं. पिल्लं मरतातच, चष्मेवाल्यांच्या हातून मरतात, हे तर सगळ्या नात्यागोत्यात पाठ होतं. बेकरीवाल्यानेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला असता. खालून भाजलेल्या बिस्किटांचा वास येत होता. मग त्यांनी पेला तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.

त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांच्या घरच्या बरणीचा हीटर बिघडला. सकाळी बरणीला हात लावला तर काच गार, आणि एका वल्ह्याचं पिल्लू तळाशी आडवं. बोटाने काचेवर टिचकी मारली तेव्हा ते जरासं हललं. चष्मेवाल्यांनी ते पाण्यासकट लहानशा बाटलीत घेतलं, बाटली सदऱ्याच्या आत काखेत धरली आणि निघाले.

"अहो, दुकान?" बायकोने विचारलं.

"आलोच."

बेकरीवाल्याच्या खोलीत त्यांनी बाटली भांड्याच्या पाण्यात तरंगत ठेवली, थेंब थेंब करून तिथलं पाणी तिच्यात मिसळलं आणि मग पिल्लू सोडलं. हीटर दुरुस्त होईपर्यंतच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते हळूच फिरलं, पुन्हा फिरलं आणि घोळक्यात शिरलं. संध्याकाळी त्याच्या आरपार पोटात केशरी दाणे दिसत होते. ते खात होतं. घरी ते कधी इतकं मोकळं फिरलं नव्हतं.

"इथे बरं मानवतं तुला," चष्मेवाले पुटपुटले, आणि आपला स्वर ऐकून नळी उचलून गाळ काढायला लागले.

हीटर दुरुस्त झाला. पिल्लू काही त्यांनी परत नेलं नाही. रोज उद्या नेऊ म्हणत राहिले, आणि एका सकाळी ते जिना चढत असतानाच वरून हाक आली.

"साडूभाऊ! अहो, धावा! बसलं!"

बेकरीवाला पहाटेच परतला होता. अंगावर अजून प्रवासाचे कपडे होते. भांड्याच्या तळाशी बोटाच्या पेराहून लहान कोळंबी पायांवर उभी होती, पाठीवर पांढरी रेघ उमटलेली. वल्ही नव्हती. बसलेल्याला ती नसतातच.

"आजोबा झालो आणि घरी येऊन बघतो तर हे!" बेकरीवाल्याने त्यांना मिठी मारली. त्याचे डोळे वाहत होते. "तुमच्या हाताला यश नाही म्हणत होतात ना?"

चष्मेवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं. तळाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. ते वर तरंगणाऱ्या घोळक्यात एका वल्ह्याचं शोधत होते. ते तिथे नसेल, तर खाली उभं आहे ते त्यांचं होतं. पण पिल्लं एकमेकांच्या आडून येत-जात होती, आणि शोध पुरा व्हायच्या आत बेकरीवाल्याने तळचं पिल्लू बरणीत घेऊन त्यांच्या हातात दिलं.

"पहिलं तुमचं. नाही म्हणायचं नाही."

ते नाही म्हणाले नाहीत.

घरी बायकोने बरणी उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर घेतला. "अगबाई! हा डास नाही हो, हा तर बाब्या आहे आपला!" मग फोनवर बहिणीला म्हणाली, "आमच्याकडेही बसलं बरं का." 'आमच्याकडेही' या शब्दावर तिने चांगला जोर दिला.

चष्मेवाले तासन्तास त्याच्यासमोर बसत. ते आपलंच असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते तळावर तुरुतुरु चाले, दगडाखाली शिरे, मिशा बाहेर काढे. गिऱ्हाइकांना ते आपणहून मागच्या खोलीत नेत आणि म्हणत, "बसलंय." आणि तरी बेकरीवाल्याकडे जायचं ते टाळत होते.

अखेर मेहुणीने नातवाचे फोटो बघायला बोलावलं तेव्हा जावं लागलं. फोटो बघून ते वर गेले. मोठं भांडं रिकामं, धुऊन पालथं घातलेलं होतं. टेबलावर काचेचा एक वाडगा होता, आणि बेकरीवाला स्टुलावर बसून, हातात ड्रॉपर धरून, नाक काचेला लावून बघत होता.

"हळू या," तो न वळता म्हणाला. "दचकतं."

"बाकीची?"

"सगळी बसली. नातवाच्या नावाने वाटून टाकली. हे एकटं राहिलं. बघा तरी, एकच वल्हं आहे बिचाऱ्याला."

चष्मेवाल्यांनी भिंग काढलं नाही. त्याची गरज नव्हती.

"सकाळी भट्टी पेटवली की आधी इथे येतो," बेकरीवाला म्हणाला. असा हळू आवाज त्याच्या घशात असेल असं कधी वाटलं नव्हतं. "बायको म्हणते, नातू इतका गोड आहे आणि तुम्ही या लंगड्यापाशी काय बसता. हे मात्र मी कुणाला देणार नाही, साडूभाऊ. मागू नका."

"नाही मागत."

"पण खात नाही हो. तोंडासमोर देतो तर वळून निघून जातं. कालपासून पोट रिकामं दिसतंय."

त्याने ड्रॉपर पुन्हा पिल्लापुढे नेला. केशरी जीवांचा ढग पाण्यात सुटला. पिल्लू वळलं, ढग मागे राहिला. त्याने आणखी एकदा करून पाहिलं. चष्मेवाले खुर्चीची पाठ घट्ट धरून बघत होते. काही न बोलता जिना उतरता आला असता. दोनेक दिवस, फार तर तीन तगलं असतं ते.

"डावीकडून द्या," ते म्हणाले.

"आं?"

"वल्हं उजवं आहे. त्यामुळे ते डावीकडेच वळतं. समोरचं त्याला सापडत नाही. डावीकडून, जरा खालून. आणि घाई करू नका. आधी ते एक गिरकी घेतं, मग पकडतं."

बेकरीवाल्याचा हात थांबला. त्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

बेकरीवाला परत वाकला. ड्रॉपर डावीकडे नेला, जरा खाली. पिल्लाने एक गिरकी घेतली आणि पकडलं. त्याच्या आरपार पोटात एक केशरी ठिपका दिसू लागला.

मग तो स्टुलावर बाजूला सरकला. स्टूल एकाच माणसाचं होतं.