परक्या मापाचं कापड

विमा कंपनीत दावे तपासायचं काम मी इतकी वर्षं करते आहे, की कुणी "काही नाही, सहज" म्हटलं की माझे कान टवकारतात. सहज कुणी काही करत नसतं. गोदामाला सहज आग लागत नाही, आणि शिवणयंत्रापाशी बसून पाठ वाकलेला नवरा भर दुपारी दुकानाचं शटर ओढून सहज कुठे जात नाही.

ट्रायथलॉनच्या भानगडीत मी पडले तीही संशयापोटीच. एका माणसाने पाय मोडल्याचा दावा केला होता आणि तो ट्रायथलॉनला उतरणार असल्याची कुणकुण मला लागली होती. म्हणजे आधी तळ्यात पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसायचं आणि सायकल टाकून धावत सुटायचं, सगळं एका दमात. रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन शेवटच्या रेषेपाशी दबा धरून बसले. पठ्ठ्या आला, दोन्ही पाय धडधाकट. माझं काम झालं होतं, पण मी उठले नाही. सगळे येऊन गेले, दोऱ्या गुंडाळायला सुरुवात झाली, आणि तेव्हा एक बाई आली. माझ्याहून वयाने मोठी, माझ्याहून जाड, तोंड लालभडक. रेषा ओलांडून ती जमिनीवर बसली आणि हसत सुटली. त्या हसण्यात मला काही खोट सापडली नाही, आणि मी शोधली होती. सोमवारी त्या माणसाचा दावा फेटाळला आणि पुढच्या वेळच्या नवशिक्यांच्या ट्रायथलॉनला माझं नाव देऊन टाकलं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा हसला नाही. तो शिंपी आहे. लोकांच्या अंगाकडे बघून हसायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम. त्याने फक्त विचारलं, "तळ्यात? तिथे खोल असतं ना?" पाण्याचं त्याला वावडं होतं. समुद्रावर गेलो तरी हा चपला हातात घेऊन कोरड्या वाळूत उभा राहणार, आणि लाट जरा मोठी दिसली की आणखी मागे सरकणार.

मग माझे हाल सुरू झाले. पोहण्याच्या तलावावरच्या कोचबाईंना सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती कायम त्यांच्या तोंडात असते. रुंद खांदे, कंबर म्हणाल तर नावालाच, आणि आवाज असा की पाण्याखालीसुद्धा ऐकू यावा. पहिल्या आठवड्यात मी तलावातलं निम्मं पाणी पिऊन संपवलं असेल. शिट्टीबाई काठावरून म्हणायच्या, "ताई, पाण्याशी भांडताय कशाला? ते काही तुमच्याकडे दावा घेऊन आलेलं नाही." सायकल चालवताना मी कधी पडले नाही, पडायचे ती सायकल थांबवून उभी धरताना, तेही सिग्नलला, चारचौघांत. आणि सायकलवरून उतरून लगेच धावायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पाय कुणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटतात, आणि ज्याचे आणलेत तोही लंगडाच असणार, अशी खात्री पटते.

पोहायला, सायकलला आणि धावायला एकच चालेल असा सूट मी विकत आणला, तर नवऱ्याने तो उलटा करून बघितला आणि नाक मुरडलं. "शिवण काखेत घेतलीय. हात फिरवून फिरवून सोलून निघशील." दुसऱ्या दिवशी तो काळं, ताणणारं कापड घेऊन आला. माझं माप घेतलं, दोनदा कापलं, तीनदा उसवलं, आणि असा सूट शिवून दिला की पाण्यात तो अंगावर आहे हे विसरायला व्हावं. शिट्टीबाईंनी तो बोटांनी चाचपून बघितला. "कुणी शिवला?" त्यांनी विचारलं. मीही मूर्खासारखी फुशारकीने सांगितलं. दुकानाचा पत्तासुद्धा दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नवऱ्याच्या दुकानाशेजारची चष्मेवाली मला रस्त्यात भेटली. "तुमचे मिस्टर हल्ली दुपारी जेवायला घरी येतात वाटतं? शटर खाली असतं."

दुपारी मी ऑफिसात असते आणि घराला कुलूप असतं. "हो, येतात ना," मी म्हटलं. आपल्याला काय माहीत नाही, ते समोरच्याला कळू द्यायचं नसतं. संध्याकाळी चहा पिता पिता नवऱ्याला विचारलं, "आज दुपारी काय केलंस?"

"काय करणार? शिवत बसलो होतो."

खोटं. तेही डोळे कपात घालून. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. मी पुढे काही विचारलं नाही. दावेदाराला मोकळं बोलू द्यावं, दोर सैल सोडावा, म्हणजे तो आपणच अडकतो, हे मी नव्या लोकांना शिकवते. पण हा गडी काही बोलेचना. जेवायचा मात्र भरपूर, पूर्वी एक पोळी जास्त झाली तर कुरकुरणारा माणूस आता दोन मागून घ्यायचा. पडल्या पडल्या झोपायचा. उगाच गुणगुणायचा. घरभर तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास भरलेला असे, पण तो माझाच, म्हणून नाकाची साक्ष काही उपयोगाची नव्हती.

एका सकाळी तो गॅलरीत पाठमोरा उभा राहून फोनवर हळू आवाजात बोलत होता. मी दाराआड थांबले. चोरून ऐकणं वाईट असेल, पण माझ्या धंद्यात त्याला तपास म्हणतात.

"नाही हो बाई, अजून हात सोडवत नाही," तो म्हणाला. "सोडला की जीव घाबराघुबरा होतो. तुम्ही जवळ असता तोवर ठीक वाटतं." मग थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "तिला मात्र कळू देऊ नका."

हात सोडवत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडा सोडला आणि तशीच उभी राहिले. माझा हात त्याने शेवटचा कधी धरला होता, ते मला आठवेना. सिनेमात? माझ्या आईच्या दवाखान्यात? मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा रागही आला.

त्याच संध्याकाळी तलावावर शिट्टीबाई माझ्या टोपीची पट्टी नीट करता करता म्हणाल्या, "मिस्टर कसे आहेत तुमचे?"

आजवर त्यांनी माझ्या घरच्या कुणाची चौकशी केली नव्हती. "बरे आहेत. का हो?"

"काही नाही, सहज."

झालं. कुठे पाणी मुरतंय ते मला कळलं. मी त्यांच्याकडे नीट बघितलं, शिंप्याच्या बायकोने बघावं तसं. त्या संध्याकाळी मी इतकं रागाने पोहले की बाई काठावरून टाळ्या वाजवत होत्या. "शाब्बास ताई! आज काय खाऊन आलात?" मी मूग गिळून गप्प बसले.

त्यानंतर महिनाभर मी दोर सैल सोडला, आणि मग एका बुधवारी अर्धी रजा टाकून दुपारची दुकानावर गेले. शटर खाली. माझ्याकडे किल्ली असते. आत शिरून दिवा लावला, तर कापायच्या टेबलावर तेच काळं, ताणणारं कापड पसरलेलं. पुढचा भाग, मागचा भाग, कडेने खडूच्या रेघा, सगळं नुकतंच कापलेलं. मी जवळ जाऊन बघितलं. माझं माप नव्हतं, कमरेखालीच ते स्पष्ट होत होतं. खांद्याला ऐसपैस रुंद आणि खाली अरुंद, एकदम सडसडीत. असं अंग मी रोज संध्याकाळी काठावर उभं बघत होते.

दाव्यात एक गोष्ट जुळली तर तो योगायोग, आणि सगळ्या जुळल्या तर मग माणूस काहीही बोलो. बंद शटर, फोन, ती चौकशी आणि आता हे कापड. रडू आलं नाही. राग आला, आणि रागाच्या खाली नुसती भीती होती, की आता घरी गेल्यावर दिवा लावायचा तो एकटीने. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर मी बसून राहिले.

तो आला तेव्हा केस ओले होते, खांद्याला पिशवी. मला बघून दारातच थबकला. "तू? ऑफिस नाही?"

"हे माप कुणाचं आहे?"

त्याने कापडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिशवी पाठीमागे घेतली. "तुला इतक्यात कळायला नको होतं."

"ते दिसतंच आहे. कुणाचं?"

"माझं."

नोकरीत मी नाही नाही ते खोटं ऐकलंय, पण इतकं बिनडोक कुणी बोललं नव्हतं. "तुझं," मी म्हटलं. खुंटीवरची टेप काढली. "उभा राहा. हात वर कर."

आमच्या ऑफिसात लोक काखा वर करतात त्या हात झटकायला. याने मुकाट्याने खरोखरच्या वर केल्या. मी खांद्यापासून सुरुवात केली आणि टेप कापडावर धरून बघितली. खडूच्या रेघेवर अचूक बसली. मग छाती, मग कंबर, आणि शेवटी कमरेखाली. सगळं जुळलं. मी चुकले असेन म्हणून पुन्हा घेतलं, टेप गच्च ओढून. तो गिऱ्हाइकं उभी राहतात तसा समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला.

शर्टाच्या आत मला ठाऊक होता तो माणूस नव्हता. पोट गेलं होतं, दंड भरले होते. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं होतं. मी शर्टाची कड उलटून बघितली. दोन्ही बाजूंनी शर्ट आत घेतलेला, इतका बेमालूम की बाहेरून जसाच्या तसा दिसावा. स्वतःचे सगळे कपडे त्याने असे आवळून घेतले होते आणि मी रोज ते इस्त्री करत होते. माझं माप त्याच्या बोटांना पाठ आहे. त्याचं माप मी आजवर एकदाही घेतलं नव्हतं.

"फोनवर कुणाचा हात सोडवत नव्हता?" मी विचारलं.

"हात? अगं, कडेचा दांडा. तलावाच्या कडेला असतो ना, तो. किती दिवस तो हातातून सुटतच नव्हता माझ्या. शिट्टीबाई एक दिवस स्वतः दुकानात आल्या, मलाही असाच सूट शिवून द्या म्हणाल्या. मी म्हटलं, सूट देतो शिवून, मला पोहायला शिकवा. दुपारी तलाव रिकामा असतो."

"तुला? पोहायला? कशाला?"

"तू तळ्यात उतरणार आणि मी काठावर तुझे बूट सांभाळत उभा राहू? तुला काही झालं तर ओरडण्यापलीकडे काय येत होतं मला?"

"तिथे होड्या असतात. माणसं असतात वाचवायला."

"होडीवाल्याची तू कोण लागतेस?" तो म्हणाला. "मीही नाव दिलंय. भाग घेणाऱ्यांशिवाय पाण्यात कुणाला सोडत नाहीत म्हणे. तू पोहून बाहेर आलीस की माझं संपलं. सायकल आणि धावणं तुझं तू बघ."

मला बसावंसं वाटलं, पण टेप अजून त्याच्या कमरेभोवती होती. आणि मग त्याने विचारलंच. "पण तुला कुणाचं वाटलं माप?"

थाप मारता आली असती. कशी मारतात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मी सांगितलं. "शिट्टीबाईंचं."

तो आधी कापडाकडेच वळला. "बाईचं? अगं, छातीला उभार द्यायला टक्स कुठे आहेत यात? बाईचं माप मी असं कापीन? त्यांचा सूट तर कधीच देऊन झाला." त्याला कामातली चूक काढल्याचा राग आला होता. मग मी काय बोलले ते हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्याने हात खाली घेतले आणि शिवणयंत्रापुढच्या खुर्चीवर बसला.

"म्हणजे तुला वाटलं की मी..."

"हो."

"कधीपासून?"

"शटर खाली असतं हे कळल्यापासून."

"आणि तरी रोज माझ्या हातचा सूट घालून पाण्यात उतरत होतीस?"

"शिवणीवर संशय नव्हता," मी म्हटलं.

तो हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. इतकी वर्षं मी लोकांना खोटं ठरवत आले, पण खऱ्या माणसाला खोटं ठरवल्यावर त्याचं तोंड कसं होतं, ते इतक्या जवळून कधी बघावं लागलं नव्हतं. "चुकलं माझं," मी म्हटलं. त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

मग तो उठला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. "पाठीचं घे परत. स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही, हात मागे नेला की पाठ ताणते. असंच शिवलं तर पाण्यात पहिला हात मारला की उसवेल."

मी घेतलं. खरंच बोटभर कमी होतं. मी आकडा सांगितला, त्याने जुनी रेघ अंगठ्याने पुसून शिवणीसाठी सोडलेल्या कापडात नवी ओढली.

"तुझ्याइतकं भरभर मला जमत नाही," खडू ठेवता ठेवता तो म्हणाला. "पण मी मागे असेन तुझ्या."

"मागे नको," मी म्हटलं. "मी फक्त उजवीकडे तोंड काढून श्वास घेते. दुसरं काही दिसत नाही मला पाण्यात. तू उजवीकडे राहा. मी हळू पोहेन."