एझराचा निळा कप

धरणाचे पाणी ऑगस्टअखेरीस दफनभूमीत शिरणार होते. त्याआधी प्रत्येक थडगे उकरून टेकडीवर हलवायचे, अथवा नातलगांनी लिहून दिल्यास जागीच ठेवायचे, असा नियम होता. ह्युल्डा पेटीग्रूची तिथे दोन थडगी होती : आईचे आणि भावाचे.

भावाच्या शवपेटीत मात्र विटा होत्या. सव्वीस वर्षांपूर्वी एझराने एका गोऱ्या मुकादमावर हात उगारला आणि तो रातोरात उत्तरेला पळाला. गोऱ्यांचा जमाव त्याला फासावर लटकवायला शोधत आला, तेव्हा मायलेकींनी तो नदीत बुडाल्याचे सांगून पेटी पुरली. एझरा शिकागोत मुलाबाळांत सुखरूप होता. पण तो मुकादम आता तालुक्याचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, झाला होता.

पेटीकडे कोणी फिरकू नये म्हणून ह्युल्डाने दरवर्षी थडगी साफ करण्याच्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. बुडालेला एझरा हाक मारत नाही. फक्त दाराच्या पायरीवर ओली पावले उमटतात, आणि त्याची पेटी हलवणाऱ्याच्या घराकडे ती वळतात.

आईला टेकडीवर न्या, एझराला जागीच राहू द्या, असे म्हणून आजही तिने तीच सांगितली. दोन्ही खोदणारे फावडी टाकून मागे सरकले. सरकारी कारकून हसला.

"भुतांचा रकाना नाही माझ्या कागदात. आई टेकडीवर आणि लेक पाण्याखाली? काय भानगड आहे, म्हातारे? शेरीफला बोलावू का?"

खोदणाऱ्यांचा म्होरक्या, चर्चमधला वृद्ध एमसबाबा, थडग्यांकडे पाहत होता. त्यांच्या रीतीप्रमाणे मृताने शेवटचे वापरलेले भांडे फोडूनच थडग्यावर ठेवायचे, म्हणजे मरणाची साखळी तिथे तुटते. अख्खे ठेवले तर घरातले दुसरे माणूस मागोमाग जाते. आईची बशी फुटलेली होती. एझराचा निळा कप मात्र अख्खा होता. जिवंत लेकाचा कप आईच्याने फोडवला नव्हता.

"पोरी," एमसबाबा हलकेच म्हणाला, "एवढा बुडून मेला, आणि कपाला साधा टवकासुद्धा नाही?"

ह्युल्डा पुढे सरून कपाच्या आड उभी राहिली.

"काय कुजबुजतोस रे?" कारकून खेकसला.

"काही नाही, साहेब. हिच्या आईच्या हातून एक काम राहिलं म्हणतो." मग तिच्याकडे न बघता तो पुटपुटला, "उरकून टाक, बाई. अजून कोणाचं लक्ष गेलं नाही."

ह्युल्डाने कप उचलला. जिवंत माणसाचा कप कोणी फोडल्याचे तिने ऐकले नव्हते; त्याने त्या माणसावर काय ओढवेल, हेही तिला ठाऊक नव्हते. डोळे मिटून तिने तो दगडावर आपटला.

"दोघांनाही राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "मायलेकांची ताटातूट नको."

आईला पाण्याखाली सोडणाऱ्या कागदावर तिने सही केली.

त्याच संध्याकाळी तिने रेल्वेतल्या ओळखीच्या हमालाच्या हाती एझरासाठी चिठ्ठी दिली. तीत एकच ओळ होती : बरा आहेस ना?

पाणी थडग्यांवर चढले त्या दिवसापर्यंत उत्तर आले नव्हते. ह्युल्डा रोज सकाळी दार उघडते आणि आधी पायरी कोरडी आहे ना, ते पाहते.