चारनंतरचा नारळ

दूधबाबा देवस्थानात माणसाचा दिवसातून दोनदा जन्म होतो, असं गोजरबाईचं मत होतं. सकाळी हजेरीच्या मशीनवर अंगठा टेकवला की ती नोकर. दुपारी चारला पुन्हा अंगठा टेकवला की व्यवस्थापक कल्याणराव तिच्या हातात भगवं उपरणं ठेवायचे, आणि ती झाली सेवेकरी. चूल तीच, परात तीच, थापायची भाकरीही तीच. चारच्या आत थापली तर पगार, चारनंतर थापली तर पुण्य. आणि पुण्य घेऊन किराणा दुकानात गेलं तर दुकानदार नुसते हात जोडतो.

"देवाच्या दारात घड्याळ बघू नये," असं कल्याणराव म्हणत. स्वतः मात्र अंधार पडायच्या आत घरी जात. तेही घड्याळ न बघताच जात असावेत.

नको म्हणायची सोय होती. दिवाळीत राहीबाई तसं म्हणून घरी गेली. दुसऱ्या दिवशी वॉचमननं तिला फाटकातच सांगितलं, बाबांना तुमची सेवा नको. बाबांनी समाधी घेऊन कैक वर्षं झाली होती, पण कामगारांच्या बाबतीत त्यांचं अजून बारीक लक्ष होतं.

गोजरबाईनं सात वर्षं हे गिळलं. लेकीच्या, पंकजाच्या साखरपुड्याला ती पोचली तेव्हा पाहुणे निघून गेले होते आणि मांडवाच्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. आज त्याच पंकजाचं डोहाळजेवण होतं. आठवड्यापूर्वीच गोजरबाईनं सुट्टी मागितली, तर कल्याणराव हसून म्हणाले, "सुट्टी कशाला? चारला मोकळ्याच की तुम्ही."

आणि नेमकं आज, शिंगणापूरला निघालेल्या पुण्याच्या एका बिल्डरच्या गाड्या देवस्थानात वळल्या. संध्याकाळचा आमटी-भाकरीचा महाप्रसाद त्यांच्याकडून होता. चार वाजले आणि कल्याणराव उपरण्यांची चळत घेऊन चुलीपाशी आले.

"सायेब, आज लेकीचं डोहाळजेवण हाय. मी सांगितलं हुतं तुमाला."

"मी कुठं अडवतोय, मावशी? जायचं तर जा. राहीबाई नाही का गेली?"

गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरानं आलं असं तिनं शेजारच्या सत्यशीलेला सांगितलं, पण ते रागाचं होतं. उपरणं गळ्यात अडकवून ती पुन्हा परातीशी बसली.

एवढ्यात बिल्डरचं कुटुंबही उपरणी घालून सेवेला आलं. बिल्डरीणबाईंनी एक भाकरी थापली. ती परातीतच फाटली, पण फोटो चांगला आला. मग सगळे हात धुऊन सभामंडपात गेले. तिथं देवस्थानचे अध्यक्ष प्रत्येक सेवेकऱ्याला नारळ देतात, अशी रीत. नारळ मिळाला म्हणजे सेवा बाबांना पोचली. मग त्या माणसाला कामाला लावायचं नाही, वाटेत अडवायचंही नाही, नाहीतर बाबा उपाशी उठतात. हे दर कीर्तनात सांगत, भिंतीवरही रंगवलं होतं. चुलीवरच्या बायकांची चूक एवढीच, की तो नारळ आपला नाही हे त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

गोजरबाईनं तव्यावरची भाकरी उतरवली. अन्नावर राग काढायची तिला सवय नव्हती. हात धुतले आणि ती बिल्डरीणबाईंच्या मागं रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या मागं सत्यशीला आली, तिच्या मागं भीमाबाई, आणि बघता बघता अख्खी चूल रांगेला लागली.

गोजरबाईला बघून अध्यक्षांचा हात नारळावरच थांबला.

"अहो, यांना तर आधी द्यायला हवा," बिल्डरीणबाई म्हणाल्या. "बिनपगारी राबतात म्हणे तुमच्याकडे. केवढी ही श्रद्धा."

दाढ दुखत असताना फोटोसाठी हसावं तसे अध्यक्ष हसले, आणि त्यांनी एकेकीला नारळ दिला.

कल्याणराव धावत आले. दातओठ खात, पण हळू आवाजात म्हणाले, "मावशी, पंगत बसलीय."

"बसू द्या की. आमची सेवा पोचली. आता अडवू नका सायेब, बाबा उपाशी उठतील."

फाटकातून तिनं वळून पाहिलं. कल्याणराव रिकाम्या चुलीपुढं उभे होते आणि बिल्डरीणबाई मोठ्या भक्तिभावानं त्यांच्या गळ्यात उपरणं घालत होत्या.

टमटममधून उतरून ती घरात शिरली तेव्हा पंकजा हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. विहीणबाई ओटी भरायला नुकत्याच पुढं सरकत होत्या. आईला बघून पोरगी रडायलाच लागली. पिशवीत कल्याणरावांचा फोन वाजत होता. उद्या फाटकात काय ऐकावं लागेल ते गोजरबाईला ठाऊक होतं, पण तिनं फोन वाजू दिला आणि आपला नारळ लेकीच्या ओटीत घातला.

डोळे पुसत पंकजानं त्याच्यावरचा भगवा दोरा पाहिला. "आये, देवस्थानचा हाय व्हय? फुकट दिला त्यांनी?"

"न्हाई गं," गोजरबाई म्हणाली. "सात वर्षांचा हाय त्यो."