पाठीला पाठ

"शेपटी दिसतेय नव्हं? धर मग!" हिराबाई चुलीपासून ओरडली.

"आये, शेपटी वढून कुत्री निघत नाय! तू ये आन् काढ!" सावळी तिच्याहून मोठ्यानं ओरडली.

भाताची कणगी आणि कुडाची भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत चिंधी कुत्री घुसली होती. तोंड आत, शेपटी बाहेर. अंग असं थरथरत होतं की कणगीवरच्या शेणाचे पोपडे सुटून खाली पडत होते. सावळीनं मागचा पाय धरून ओढला, तशी ती फटीतच मुतली.

"गेली! कणगी बाटवली!" सावळी बोंबलली.

ओटीवर सावळीचा बाप कोंडू पाठमोरा बसून सूप विणत होता. त्याला यातलं काही ऐकू आलं नाही.

खर्डीच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला ही वाडी. कोंडूनं अठरा वर्षं दगडाच्या खाणीत सुरुंगाची भोकं पाडली. दगड फुटले तसे कानही फुटले. खाण सुटल्यापासून तो घरी बसून सुपं-टोपल्या करायचा आणि पाच शेळ्या सांभाळायचा. हात मात्र असे होते की कोंडूच्या सुपात पाणी ओतलं तर ते गळायच्या आधी विचार करतं, असं वाडीतल्या बाया म्हणायच्या.

भादव्यात बिबळ्यानं भर दुपारी घरामागून करडू उचललं. शेळ्या ओरडल्या, कोंबड्या ओरडल्या, पलीकडच्या घरातली म्हातारी ओरडली. कोंडू तिथून दहा पावलांवर टोपलीचा काठ बांधत राहिला. संध्याकाळी बायकोनं, हिराबाईनं, त्याला मातीतलं रक्त दाखवलं. तो तिथंच उकिडवा बसला आणि त्या दिवशी जेवला नाही.

"बहिऱ्याच्या भरोशावर घर ठेवत्यात व्हय?" असं बोलला तो शेजारचा धाऊ. जीभ कोयत्यासारखी, पण माणूस वाईट नव्हता. त्यानंच चार दिवसांनी खर्डी स्टेशनजवळच्या हॉटेलामागून ही पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची कुत्री आणून ओटीवर सोडली. "कोंडूदादा, कान आणलाय तुला," म्हणाला.

आणि हा कान आवाजालाच भ्यायचा. ताट पडलं की कणगीमागं. कोंबडा आरवला की कणगीमागं. सावळी नुसती घरात आली तरी कणगीमागं.

"भातकापणी तोंडावर आली," हिराबाई चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली. "मी काय सांगते ती ऐक. दिवाळीपातूर कुत्री शानी झाली तर झाली. नाय तर शेळ्या सिद्धगडाखाली माझ्या भावाकडं. नाय तर तू घरी ऱ्हायची, बापाला राखायला."

"मी? घरी?"

सावळी सोळा वर्षांची. आठवीत असताना गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर 'बहिऱ्याची पोर' म्हटलं, म्हणून दप्तर त्यांच्या टेबलावर आपटून आली ती परत गेलीच नाही. पुढच्याच वर्षी शाळेत शिजवलेली खिचडी सुरू झाली, त्याचा राग तिला अजून होता. मजुरीला गेलं की चार बायांत हसायला मिळायचं, कापणीत तर तिच्या पुढं गडीमाणूस टिकायचा नाही. घरात बसायचं म्हटलं की तिच्या तळपायांना मुंग्या यायच्या.

कोंडूनं मान वळवली होती. बायकोच्या ओठांवरून त्याला शब्द कळायचे, सगळे नाही, पण नको तेवढे.

"कोनाला राखायला?" त्यानं विचारलं.

हिराबाईनं तोंड चुलीकडं फिरवलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. बांबूच्या कामट्या उचलल्या आणि सूप पुढं विणायला घेतलं. पण त्या रात्रीच्या भाकरीतली अर्धी त्यानं तशीच ठेवली, हे सावळीच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाऊनं अक्कल शिकवली. "भित्र्या कुत्र्याला भीतीतच बांधायचं. दोन दिस बोंबलंल, तिसऱ्या दिशी वाघ व्हईल. माझ्या चुलत्यानं आसाच केला हुता."

सावळीला कुठं दम होता? तिनं चिंधीच्या गळ्यात दोर घातला आणि शेतातल्या माळ्याच्या खांबाला नेऊन बांधली. माळ्यावर पोरं पाखरं हाकायला तेलाचे डबे बडवत होती. पहिला डबा वाजला, चिंधी हवेत उडाली. दुसऱ्याला तिनं दोर चावायला घेतला. पोरं हसायला लागली आणि अजून जोरात बडवू लागली. सावळी "थांबवा रे!" म्हणून वर चढेपर्यंत खाली नुसता दोर उरला होता. त्याच्या टोकाला रक्त लागलं होतं.

घरी येऊन तिनं बापापुढं तो दोर धरला. शिवी पडेल म्हणून ती आधीच चिडून उभी होती. कोंडूनं दोर बघितला, तिच्याकडं बघितलं. मग कामट्यांची मोळी काखेत मारली, कोयता कमरेला लावला आणि निघाला.

चिंधी रस्त्याखालच्या मोरीत सापडली, पाणी जायच्या नळाच्या पार मधोमध. सावळी वाकून हाका मारायला लागली, तसा कोंडूनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तो नळाच्या तोंडाशी खाली बसला, नळाकडं पाठ करून. रात्रीची ठेवलेली अर्धी भाकरी मागं टाकली आणि टोपली विणायला घेतली. एकदाही वळून बघितलं नाही. सावळी लांब, दगडावर बसून धुमसत होती. असं कुत्रं येतं होय? बापाला वेड लागलंय. ऊन चढलं, ऊन उतरलं. टोपली काठाला आली तेव्हा नळातून आधी नाक आलं, मग कान. भाकरी संपली. कोंडू उठला आणि घराकडं चालायला लागला. दहा पावलं मागं ठेवून चिंधी त्याच्यामागं चालत गेली.

घरी गेल्यावर त्यानं दोघींना समोर बसवलं.

"मी बहिरा हाय, आंधळा नाय," तो म्हणाला. "पंधरा दिस बघतोय. तुमची तोंडं मोठी व्हत्यात, हिची शेपटी आत जाते. दर खेपंला. तुमी वरडता माझ्यासाटी. तिला वाटतं तिच्यावर. ह्या घरात दिसभर कोनीतरी तिला मारायला उठलाय, आसा तिला वाटतं."

हिराबाईनं तोंडाला पदर लावला. खरंच होतं. कोंडूचे कान गेल्यापासून घरात सगळंच ओरडून चाललं होतं. भाकरी ओरडून वाढायची, पाणी ओरडून विचारायचं. तशी सवयच लागली होती. एकमेकींशीही दोघी ओरडूनच बोलायच्या.

"आजपासून कोनी वरडायचा नाय. मला काय सांगायचा तर समोर या. नाय तर खांद्याला हात लावा."

"आन् मी चुलीवर आसली तर?" हिराबाईनं ओरडून विचारलं. कणगीमागं काहीतरी सरकलं. तिनं जीभ चावली, उठली, नवऱ्यासमोर येऊन बसली आणि हळू बोलली, "आन् मी चुलीवर आसली तर?"

"मंग ऊठ, ये," कोंडू हसला. "वजन कमी व्हईल."

पहिले चार दिवस तर घर नव्हतंच, मौनाची शाळा होती. सावळी दहादा तोंड उघडायची आणि मिटायची. रागानं भांडं आपटायला उचलायची आणि हळूच खाली ठेवायची. राग असा हळूच ठेवता येतो हे तिला माहीतच नव्हतं.

कोंडूनं कोंबड्यांचं जुनं डालगं आडवं करून ओटीच्या कोपऱ्यात ठेवलं, आत फाटकं घोंगडं टाकलं. "ती हिचा घर. तिथं कोनी हात घालायचा नाय." डोक्यावरून हात फिरवायचा नाही, वाकून बघायचं नाही, पकडून आणायचं नाही. भाकरीचा तुकडा रोज आपल्या बैठकीच्या चार बोटं जवळ. घाई नाही. जसं सूप विणतात तसं, एक कामटी खाली, एक वर. मग त्यानं आवाजही घरात आणला, पण चिमटी-चिमटीनं. आधी ताटावर बोटाची टिचकी, लगेच सुकटीचा तुकडा. दोन दिवसांनी चमचा. आठ दिवसांनी डबा, लांबून, हळू. डबा वाजवायचं काम त्यानं सावळीला दिलं.

"जास्त वाजला तर तूच सांग, मला काय कळनार," म्हणाला.

ज्या पोरीनं कुत्री माळ्याला बांधली तिच्याच हाती त्यानं डबा दिला, हे तिला रात्री पडल्यावर कळलं. ती बराच वेळ कुशीवर पडून राहिली. डबा मात्र तिनं कधी जोरात वाजवला नाही.

कापणीच्या सुरवातीला एके सकाळी सावळीनं बघितलं तर चिंधी बापाच्या पाठीला पाठ लावून झोपली होती. बाप विणत होता. पाठ जराही हलवत नव्हता. हात तेवढे चालत होते.

सावळी अजून घरीच होती. कुत्रीचं ठरेस्तोवर आईनं तिला कापणीला नेलं नव्हतं. पण दिवाळीच्या आधी दोन दिवस ती दुपारी पाण्याला गेली आणि परतताना बांधावर थबकली. घराच्या मागच्या अंगानं धाऊ येत होता, चोरपावलांनी. बोट ओठावर ठेवून त्यानं तिला खूण केली. बघतो तुमची वाघीण, असं त्याचं तोंड सांगत होतं. तो शेळ्यांपाशी गेला आणि पहिल्या शेळीचं दावं सोडायला लागला.

सावळीचा हंडा डोक्यावर, हाक घशात. ओरडावं, तर सगळ्यावर पाणी. नाही ओरडावं, तर?

ओटीवर चिंधी उठली. अंग थरथरत होतं, तस्संच, कणगीमागं थरथरायचं तसं. शेपटी पोटात गेली होती. ती एकदा डालग्याकडं वळली. मग तिनं कोंडूच्या काखेत नाक खुपसलं आणि जोरानं ढोसलं. एकदा, दोनदा. कोंडू वळायच्या आत ती ओटीवरून उडी मारून शेळ्यांपाशी पोचली आणि भुंकली. चिरका, फाटका, पहिल्यांदाच वापरलेला आवाज. कोंडू कोयता घेऊन तिच्यामागं आला तेव्हा धाऊ कुंपणाच्या दगडांवर चढून लुंगी सावरत उभा होता.

"आरं दादा, मी! धाऊ! कोयता खाली कर!"

कोंडूला ऐकू गेलं नाही. पण तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. चिंधी येऊन त्याच्या पाठीला चिकटली.

"कुत्री वंगाळ हाय तुझी," धाऊ सावळीला म्हणाला. "चुलत्याचा मी थापा मारत हुतो." त्या दिवसापासून तो बांधावरून 'कोंडूदादाऽ' म्हणून बोंबलला नाही. अंगणात यायचा, उभा राहायचा आणि चिंधी कोंडूला सांगेपर्यंत वाट बघायचा. हळूहळू अख्खी वाडी तशीच यायला लागली.

संध्याकाळी हिराबाई नवऱ्यासमोर येऊन बसली. "उद्या सावळीला झोडणीला नेते. घर तुमच्यावर."

कोंडूनं नुसती मान डोलावली.

ती भांडी घासायला गेल्यावर सावळी बापापुढं बसली. "बा, आता बरं वाटतं ना? कटकट नाय आमची."

त्यानं तिच्या ओठांकडं नीट बघितलं. मग कामटी तासत म्हणाला, "तुमी वरडायचा ना, ती जराशी लागायची कानाला. लांब कुठं गाडी जावी तशी. त्यातला तुझा आवाज मला वळखू यायचा, आयेचा वेगळा, तुझा वेगळा." त्यानं कामटीवर फुंकर मारली. "आता नाय येत. आसू दे. चिंधीला घाबरवून किती दिस ठेवायची?"

सावळीनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि उठली.

सकाळी मायलेकी सुपं-भाकरी घेऊन निघाल्या. कोंडू ओटीवर होता, पाठीला चिंधी. ओहोळ ओलांडला, टेकाड ओलांडलं. घर दिसेनासं झालं तशी सावळी मागं राहिली. कापलेल्या शेताच्या मधोमध उभी राहून, छाती फुटेस्तोवर ओरडली, "बाऽऽऽ!"

बगळ्यांचा थवा उठला आणि पलीकडच्या शेतात जाऊन बसला. पुढं चालणारी हिराबाई थांबली. वळून तिनं लेकीकडं बघितलं, तिला येऊ दिलं आणि भाकरीचं गाठोडं आपल्या डोक्यावरून तिच्या डोक्यावर दिलं.